वाटणीचा दिवस

१८ जानेवारी १५६२ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या एलिझाबेथ राणीपुढे एक नाटक झाले. नाव 'गॉर्बोडक'. थॉमस नॉर्टन आणि थॉमस सॅकव्हिल हे त्याचे लेखक इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेतले होते आणि तिथल्याच नाताळच्या उत्सवात ते आधी होऊन गेले होते. निर्यमक छंदातली इंग्रजीतली ही पहिली शोकांतिका. ब्रिटनचा म्हातारा राजा गॉर्बोडक जिवंतपणीच राज्य दोन मुलांत वाटून देतो. धाकटा पोरेक्स थोरल्या फेरेक्सचा जीव घेतो, थोरल्यावर जीव असलेली आई धाकट्याला मारते, मग प्रजा उठते आणि राजाराणी दोघांनाही संपवते. इंग्रजी शोकांतिकेचा जन्मच वाटणीपत्रातून झाला असे म्हटले तर ती नुसती शब्दांची कसरत ठरणार नाही. ज्यांच्या हातून तो झाला त्यांचा अभ्यासच मुळी वारसाहक्काच्या कज्ज्यांचा होता, आणि समोर बसलेली राणी अविवाहित होती. तिच्यामागे गादी कोणाची, हा प्रश्न त्या काळी संसदेपासून सगळ्यांना छळत होता. पुढच्या पाऊणशे वर्षांत इंग्रजी रंगभूमीवर बापलेक, बहीणभाऊ, नवराबायको यांच्या नात्यांची जी भीषण चित्रे उभी राहिली, त्यांकडे बघताना या आरंभाचा विसर पडू नये. या शोकांतिकांतली घरे माया आटली म्हणून मोडतात असा आपला समज असतो. मला वाटते, त्या घरांत माया पुष्कळ असते, कधी गरजेपेक्षा जास्तच. ती घरे मोडतात, कारण घराच्या कर्त्याला सत्ता, मालमत्ता आणि माया ही एकाच हक्काची तीन रूपे वाटतात, आणि पहिल्या दोन दिल्या की तिसरी परतफेड म्हणून आपल्या पदरात पडलीच पाहिजे अशी त्याची ठाम समजूत असते.

ही समजूत त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कुटुंब ही कायद्याने बांधलेली छोटी राजसत्ता होती. सरदार-जमीनदारांच्या घरी जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्यांना नशीब काढायला बाहेर पडावे लागे. मुलगा नसेल तर मुलींना सारखा वाटा मिळे. अनौरस मुलगा कायद्याच्या लेखी कोणाचाच नसे. लग्न होताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. १३५२ च्या कायद्याप्रमाणे बायकोने नवऱ्याचा किंवा नोकराने मालकाचा खून केला तर तो साधा खून मानला जात नसे. तो छोटा राजद्रोह ठरे, आणि ही तरतूद १८२८ पर्यंत टिकून होती. केंटमधल्या फेवरशॅम गावात १५५१ मध्ये टॉमस आर्डेन नावाच्या गृहस्थाचा त्याच्या बायकोने साथीदारांकरवी खून करवला, तेव्हा अ‍ॅलिस आर्डेनला कँटरबरीत जिवंत जाळण्यात आले. १५९२ मध्ये छापलेले 'आर्डेन ऑफ फेवरशॅम' हे नाटक याच प्रकरणावरचे. त्याचा अनाम लेखक अ‍ॅलिसला सोडत नाही, पण आर्डेनने मठाच्या जमिनी कशा पदरात पाडून घेतल्या आणि त्यापायी कोणाकोणाचे तळतळाट घेतले, हेही तो बारकाईने दाखवतो. राजाकडे बघण्याची रीतही हीच. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या जेम्सने १५९८ मध्ये राज्यसत्तेवर लिहिताना राजा म्हणजे प्रजेचा बाप, ही उपमा पायाशी घातली. बाप राजा आणि राजा बाप असेल, तर घरातली कुरबूर बंड ठरते आणि राज्यातले बंड कृतघ्नपणा. शोकांतिकाकारांना या सरमिसळीतून हवे ते सगळे मिळाले.

२६ डिसेंबर १६०६ च्या रात्री याच जेम्ससमोर शेक्सपिअरच्या मंडळीने 'किंग लिअर' केले. जेम्सच्या दोन मुलांच्या पदव्या त्या वेळी ड्यूक ऑफ कॉर्नवॉल आणि ड्यूक ऑफ ऑल्बनी अशा होत्या, आणि लिअरच्या दोन जावयांच्याही त्याच आहेत. राजाच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल ते असो. पहिला प्रवेश आपण साधारणपणे असा आठवतो: म्हाताऱ्याने मुलींना प्रेमाची परीक्षा दिली, थोरल्या दोघी खोटे बोलून पास झाल्या, धाकटी खरे बोलून नापास झाली. प्रवेश नीट वाचला तर परीक्षा कुठे दिसत नाही. पडदा उघडताच केंट आणि ग्लॉस्टर हे सरदार बोलत असतात, आणि दोन्ही जावयांचे वाटे तोलूनमापून सारखे केले आहेत हे त्यांना ठाऊक असते. नकाशा तयार आहे. थोरल्या गॉनेरिलचे बोलणे संपताच तिचा वाटा जाहीर होतो, मधली रीगन काय बोलेल याची वाट न पाहता. म्हणजे मुलींनी काहीही न बोलता जे त्यांना मिळालेच असते, ते देण्याआधी लिअर त्यांच्याकडून मायेचे जाहीर निवेदन मागतो. कायद्याला ज्या शब्दांची गरज नव्हती ते शब्द बापाला हवे आहेत, आणि तेही भर दरबारात. धाकटी कॉर्डेलिया गप्प राहते असे आपण म्हणतो, पण ती फार वेळ गप्प राहत नाही. ती हिशेब मांडते. जन्म दिला, वाढवले, त्याचे जे देणे आहे ते मी देते. उद्या लग्न होईल तेव्हा माझी अर्धी माया नवऱ्याकडे जाईल. सगळी माया बापालाच वाहणाऱ्या बहिणींनी मग लग्ने केली कशाला? बापाने प्रेम मोजायला काढले म्हटल्यावर तिने त्याचेच माप उचलून त्याच्यापुढे धरले. त्याबरोबर लिअर तिचा हुंडा काढून घेतो, बर्गंडीचा ड्यूक पाय मागे घेतो आणि फ्रान्सचा राजा तिला तशीच स्वीकारतो. लग्नाचा बाजारही त्याच प्रवेशात, त्याच मापाने उरकला जातो.

हे माप लिअरच्या हातून पुढेही सुटत नाही. राज्य देताना त्याने राजा हे नाव आणि शंभर शिलेदार राखून ठेवलेले असतात, आणि दर महिन्याला एकेका मुलीकडे राहायचे ठरलेले असते. गॉनेरिल शंभराचे पन्नास करते, रीगन पंचवीसवर येते. त्या क्षणी लिअर गॉनेरिलकडे वळून म्हणतो की मी तुझ्याकडेच येतो, कारण पन्नास म्हणजे पंचविसाच्या दुप्पट, तेव्हा तुझे प्रेमही हिच्या दुप्पट. या एका वाक्यासाठी नाटक पुन्हा वाचावे. ज्या मुलीला तो काही वेळापूर्वी वांझ होण्याचा शाप देऊन आला, तिच्या प्रेमाचा भाव तो शिलेदारांच्या आकड्यावरून ठरवतो आहे. पुढे दहा, पाच आणि मग एक तरी कशाला हवा, इथपर्यंत मुली घसरतात, ते निर्दय आहेच. पण घसरणीची शिडी बापाने उभी केलेली आहे. गॉनेरिलची तक्रारही अगदीच पोकळ म्हणता येत नाही. शंभर सशस्त्र माणसे सांभाळणे म्हणजे घरात दुसरी फौज आणि दुसरा हुकूम सांभाळणे. पीटर ब्रुकने १९६२ मध्ये पॉल स्कोफिल्डला घेऊन हे नाटक केले, तेव्हा लिअरच्या शिलेदारांना त्याने रंगमंचावर खरोखर धुडगूस घालू दिला, आणि प्रेक्षकांना पहिल्यांदा गॉनेरिलच्या बाजूने विचार करावा लागला. इंग्लंडच्या खेड्यांत म्हातारी माणसे जमीन मुलांच्या नावे करताना राहायला खोली, इतके धान्य, चुलीजवळची जागा असे सगळे जमीनदाराच्या कचेरीत लिहून घेत, याच्या नोंदी मध्ययुगापासून सापडतात. ही माणसे मुलांवर कमी माया करीत होती असे कोणी म्हणणार नाही. माया एका बाजूला आणि पोटापाण्याची तजवीज दुसऱ्या बाजूला, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते. ते नेमके राजाला नव्हते. १६०३ मध्ये केंटमधल्याच ब्रायन अ‍ॅन्सली या म्हाताऱ्या दरबारी गृहस्थाला वेडा ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घेण्याचा घाट त्याच्या थोरल्या मुलीच्या घरून घातला गेला आणि धाकट्या मुलीने राज्याचा मंत्री रॉबर्ट सेसिल याला पत्र लिहून तो अडवला. त्या धाकटीचे नाव कॉर्डेल होते. नावाच्या योगायोगावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्चली आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की बापाचे वेड हा प्रश्न त्या समाजात वैद्यापेक्षा आधी सरकारदरबारी जाई.

मराठी वाचकाला इथे अडखळायला होईल. आपल्याकडे लिअर घराघरांत पोचला तो वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधून. गणपतराव बेलवलकर मुलांना सर्वस्व देतो आणि उघड्यावर येतो, तेव्हा आपली सगळी सहानुभूती त्याच्याकडे धावते, आणि १९७० पासून ती तिथेच आहे. शिरवाडकरांनी कावेरीच्या रूपाने घरात आई आणली. शेक्सपिअरच्या नाटकात लिअरची बायको जवळजवळ उल्लेखापुरतीही नाही. हा फरक मोठा आहे. कावेरी असल्यामुळे बेलवलकरांचे घर आधी घर होते आणि मग मोडले असे आपल्याला दिसते. लिअरचे घर आपण कधी पाहतच नाही. आपण पाहतो तो दरबार, आणि ज्याला दरबारापलीकडे घर माहीत नाही असा बाप. 'नटसम्राट'च्या वाटेने लिअरकडे जाणारा वाचक त्याला क्षमा करूनच आत शिरतो. विंदा करंदीकरांचे भाषांतर हाताशी असताना दुसऱ्या वाटेनेही जाऊन बघावे.

ग्लॉस्टरच्या उपकथेत तीच गोष्ट खालच्या पट्टीत आहे. नाटकाच्या सुरुवातीलाच तो अनौरस एडमंडच्या देखत त्याच्या जन्माविषयी चावट विनोद करतो, आणि त्याच दमात दोन्ही मुले मला सारखीच प्रिय आहेत असे सांगतो. प्रेम सारखे, जमीन मात्र एकाला. एडमंड थोरल्या एडगरच्या नावाने बनावट पत्र रचतो, आणि त्या पत्राचा मजकूर काय असावा? म्हाताऱ्यांनी संपत्ती अडवून ठेवल्यामुळे तरुणपण वाया जाते, अशी तक्रार. ग्लॉस्टर ते पत्र वाचताच विश्वास ठेवतो. आपला मुलगा असे लिहील का, हा प्रश्न त्याच्या तोंडून निघतो खरा, पण त्यावर तो फार वेळ थांबत नाही, कारण बाप आणि मुलगा यांच्यामध्ये जमीन उभी आहे हे त्याला मनातून कधीच पटलेले असते.

या सगळ्या विवेचनावर पहिला आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूने येईल. कायदा आणि वारसा ही वरवरची कारणे झाली. आतली वेदना आदिम आहे, असे तो पक्ष म्हणतो. फ्रॉइडने १९०० मध्ये हॅम्लेटची दिरंगाई ईडिपसगंडाशी जोडली, अर्नेस्ट जोन्सने १९४९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९१३ च्या निबंधात फ्रॉइडने कॉर्डेलियात मृत्यूचे रूप पाहिले. ही वाचने मला पोकळ वाटत नाहीत, पण ती कुठल्याही काळाला आणि कुठल्याही घराला लागू पडतात, हीच त्यांची अडचण. हॅम्लेट आईच्या दिराशी झालेल्या दुसऱ्या लग्नाला अगम्यगमन म्हणतो ते त्याच्या मनोव्यथेमुळे, हे खरेच. पण ते लग्न त्या काळच्या इंग्लिश चर्चलाही निषिद्धच होते. १५६३ च्या निषिद्ध नात्यांच्या यादीत भावाची विधवा होती. आठव्या हेन्रीने कॅथरिनशी झालेले लग्न याच कारणावरून मोडले होते आणि एलिझाबेथचे औरसपण त्या मोडण्यावर उभे होते. प्रेक्षागारातल्या कोणालाही हे नव्याने सांगावे लागत नव्हते. मनातली गाठ आणि कायद्यातली गाठ त्या नाटकात एकाच दोऱ्याला आहे. एक सोडवायला घेतली की दुसरी ओढली जाते. कपेलिया कान या स्त्रीवादी समीक्षिकेने १९८६ मध्ये लिअरमधल्या गैरहजर आईवर लिहिले, तेव्हा तिने मानसशास्त्र आणि इतिहास असे दोन्ही हातांत धरले, म्हणूनच ते लेखन टिकले. दुसरा आक्षेप ग्रीकांचा. नात्यातल्या माणसाने नात्यातल्याला मारणे ही शोकांतिकेची उत्तम सामग्री आहे, हे अ‍ॅरिस्टॉटलने सांगूनच ठेवले होते. मग इंग्रजांचे वेगळे काय? वेगळेपण असे की ईडिपसच्या घरावर देववाणी आहे, आत्रेउसच्या घरावर पिढीजात शाप. गॉर्बोडक, लिअर, ग्लॉस्टर यांच्यावर कसलाच शाप नाही. लिअर शाप देतो, त्याला कोणी दिलेला नाही. सल्लागार वेळेवर सल्ला देतात, केंट तर हद्दपारी पत्करून देतो. इथले संकट हे निर्णयाने आलेले आहे, आणि तो निर्णय कर्त्याने शुद्धीत, सगळ्यांसमोर घेतलेला आहे.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे. सगळा दोष बापाच्या माथी मारला तर गॉनेरिल, रीगन, एडमंड हे परिस्थितीचे बळी ठरतात, आणि ग्लॉस्टरचे डोळे काढताना रीगन जे बोलते ते ऐकल्यावर असे म्हणायला जीभ रेटत नाही. मान्य. वाटणीने त्यांना दुष्ट केले असे मला म्हणायचे नाही. त्यांच्या दुष्टपणाला वाटणीने अधिकार दिला. पण चांगल्याला चांगले आणि वाइटाला वाईट मिळून जमाखर्च जुळावा, ही आपली अपेक्षा नाटकातल्या कर्त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीशी वेगळी असते? शेक्सपिअरच्या आधीच्या 'किंग लीर' या जुन्या नाटकात राजाला गादी परत मिळते. शेक्सपिअरने ते सुख काढून टाकले, आणि पुढच्या पिढ्यांना ते सोसले नाही. १६८१ मध्ये नेहम टेटने नाटक नव्याने लिहिले: लिअर वाचतो, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न लागते, विदूषकाला गाळलेच. हे सुधारलेले रूप दीडशे वर्षांहून अधिक काळ रंगभूमीवर चालले. १८२३ मध्ये एडमंड कीनने शोकान्त परत आणून पाहिला, पण विदूषकासह बरेचसे मूळ रूप परतले ते १८३८ मध्ये मॅक्रेडीच्या हातून. सॅम्युएल जॉन्सनसारख्या कणखर माणसाला कॉर्डेलियाच्या मरणाचा इतका धक्का बसला होता की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत शेवटचे प्रवेश त्याने पुन्हा वाचले नाहीत. टेटच्या बाजूने लोकांनी दिलेला कौलही त्याला मान्य होता. इतक्या पिढ्यांच्या प्रेक्षकांनी मायेची परतफेड वसूल करून घेतली. लिअरला पहिल्या प्रवेशात नेमके तेच हवे होते.

माझ्या मांडणीवर खरा ताण पडतो तो जॉन वेबस्टरच्या 'डचेस ऑफ माल्फी'पाशी. १६१३ च्या सुमारास रंगभूमीवर आलेले आणि १६२३ मध्ये छापलेले हे नाटक इटलीतल्या एका खऱ्या घटनेवर बेतले आहे. तरुण विधवा डचेस आपल्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न करते. भटजी नाही, चर्च नाही. दासी कॅरिओलाच्या साक्षीने दोघे एकमेकांना वचन देतात, आणि त्या काळी तेवढ्याने लग्न ग्राह्य धरले जाई. तिचे दोन भाऊ, एक कार्डिनल आणि दुसरा तिचा जुळा फर्डिनंड, पाळत ठेवतात, छळतात आणि अखेर तिला गळा आवळून मारवतात. का? फर्डिनंड स्वतः कारण देतो: ती विधवाच राहिली असती तर तिच्या मृत्यूनंतर अमाप धन हाती आले असते. पण पहिल्या नवऱ्यापासून तिला मुलगा आहे हे नाटकातच आधी सांगून झालेले आहे. वारस तो, भाऊ कसा होईल? वेबस्टर इथे गाफील असेल, पण मला तसे वाटत नाही. बहिणीच्या शरीराविषयी फर्डिनंडच्या तोंडून जी चित्रे निघतात, ती मालमत्तेच्या चिंतेत मावत नाहीत, आणि शेवटी तो स्वतःला लांडगा समजून रात्री थडगी उकरू लागतो. तेव्हा इथे वारसा हे कारण नाही, हे कबूल केले पाहिजे. वारसा ही फर्डिनंडला उपलब्ध असलेली एकमेव प्रतिष्ठित भाषा आहे. जे तो स्वतःशीही बोलू शकत नाही, ते घराण्याची अब्रू आणि इस्टेट या शब्दांत बोलायला समाजाने त्याला शिकवले आहे. मायेला हक्काचे नाव देण्याची जी सवय लिअरमध्ये भोळेपणाने दिसते, ती इथे आडपडदा होते, आणि म्हणून जास्त घातक.

याच नाटकात, त्या काळच्या शोकांतिकांत क्वचितच सापडावा असा, सुखी संसार आहे. तिसऱ्या अंकात डचेस केस विंचरत अँटोनिओची थट्टा करते, कॅरिओला त्यात भर घालते, दोघे तिला बोलती ठेवून हळूच बाहेर सटकतात. ती पाठमोरी बोलतच राहते आणि मागे फर्डिनंड येऊन उभा असतो. या खोलीत कोणी कोणाकडे प्रेमाचा पुरावा मागत नाही. हुद्द्याने ती डचेस आणि तो नोकर, पण कर्ता असा कोणी नाही. मरणाच्या दारातही ती कॅरिओलाला सांगते ते धाकट्याला सर्दीचे औषध द्यायला आणि मुलीकडून झोपण्याआधी प्रार्थना म्हणून घ्यायला. टीकाकार या जागेला करुण म्हणतात. मला ती कठोर वाटते, कारण जिथे घर खरोखर घर होते तिथे कोणत्या गोष्टींची काळजी केली जाते, हे ती एवढ्या उशिरा दाखवते.

आणि शेवट? फर्डिनंड, कार्डिनल, अँटोनिओ सगळे मेल्यावर डेलिओ हा मित्र थोरल्या पोराला पुढे आणतो आणि आईच्या हक्काने याला गादीवर बसवा म्हणतो. पहिल्या नवऱ्याच्या मुलाची आठवणही कोणाला होत नाही. 'लिअर'मध्ये तर तिघी मुली आणि बाप यांची प्रेते समोर असताना ऑल्बनी केंट आणि एडगर या दोघांना मिळून राज्य सांभाळायला सांगतो. म्हणजे पुन्हा एका राज्याला दोन मालक. केंट नकार देतो.